परकी भाषा, आपली लेकरे



आपल्या अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. दोन्ही तालुक्याची ठिकाणे, म्हणून ओळखायला सोपे जावे यासाठी नावापुढे एकेक शब्द जोडला गेला. 'बाजार' हा शब्द फारसीतून आला आणि 'रेल्वे' इंग्रजीतून. भुसावळहून निघालेली आगगाडीची लाईन १८६७ साली नागपूरला पोचली. त्या लाईनीवर बडनेरा आणि धामणगाव यांच्या मध्ये हे चांदूर. शाळेचे तोंडही न पाहिलेली या भागातली म्हातारी माय खुशाल म्हणते, "मी चांदूर रेल्वेले जाऊन राह्यली." बाई, तू आता इंग्रजी बोललीस, असे तिला कोणी सांगितलेले नसते.

आपल्या कारखान्याचेच पाहा ना. शेअर, मीटिंग, स्लिप, ट्रॅक्टर, ट्रॉली, बॉयलर, क्रशिंग, रिकव्हरी, टनेज, ड्रिप, स्टार्टर, फ्यूज. एवढे शब्द काढून घेतले तर सभासदाला ऑफिसात दोन मिनिटे बोलता यावयाचे नाही. तेव्हा कास्तकाराच्या तोंडाला इंग्रजी चालत नाही, असे नाही. तरी आपलीच लेकरे अमरावती-पुण्याच्या कॉलेजात गेली, किंवा आता काही जातात तशी परदेशात शिकावयास गेली, की पहिले वर्षभर तोंडाला कुलूप लागते. मास्तर काय सांगून राह्यले ते अर्धेच समजते, आणि जे समजले ते विचारायचे धाडस होत नाही. हुशार पोरगा मागच्या बाकावर जाऊन बसतो. घरी फोन आला की बाप विचारतो, "कसं चाललं रे?" तो म्हणतो, "बरं आहे." हे 'बरं आहे' किती खरे असते, त्याचा विचार पालक-सभासदांनी करावा, म्हणून हा लेख.

अडचण नेमकी कोठे आहे?

अडचण शब्दांची कमी आणि वाक्याची जास्त आहे. आपण म्हणतो, "मी ऊस तोडतो." क्रियापद शेवटी. इंग्रजीत तेच "मी तोडतो ऊस" असे मांडावे लागते. आपण 'वावरात' म्हणतो, म्हणजे आतले स्थान दाखविणारा 'त' शब्दाच्या मागे येतो. इंग्रजीत तो 'इन' होऊन शब्दाच्या पुढे जाऊन बसतो. 'अ' आणि 'द' ही दोन लहानशी अव्यये मराठीत मुळी नाहीतच, त्यामुळे ती कोठे लावावी आणि कोठे नाही, हे मोठमोठ्यांनाही चकवते. आपली बाळबोध लिपी बोलावे तशी लिहिता येते. इंग्रजीत 'नाइफ' म्हणायचे आणि लिहिताना आधी एक मुका 'के' लिहायचा. शिवाय आपण लहानाला 'तू', मोठ्याला 'तुम्ही', आणि आदराने 'आपण' म्हणतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. प्राचार्यांना 'यू' म्हणताना आपल्या पोराची जीभ अडखळते, कारण त्याच्या मनाला ते उद्धटपणाचे वाटते. ही काही बुद्धीची कमतरता नव्हे. दोन भाषांची घडण निराळी आहे, इतकेच.

दुसरी अडचण लाजेची. आपल्या वऱ्हाडच्या पोराला तर इंग्रजीच्या आधी पुण्याची मराठीच परकी वाटते. 'मले', 'तुले', 'काहून' ऐकले की वर्गात खसखस पिकते. आपली मायबोली हसण्याजोगी आहे असे एकदा मनात बसले की पोरगा बोलणेच कमी करतो. आणि जो मराठीत गप्प बसायला शिकला, तो इंग्रजीत काय बोलणार?

पापळचा मुलगा ऑक्सफर्डला

याच भागातून निघालेला एक मुलगा ही दोन्ही कुंपणे ओलांडून गेला. डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे नाव आपल्याला नवे नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी पापळ या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणचे शिक्षण पापळ आणि चांदूर रेल्वे येथे, पुढे कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. एकेका इयत्तेसाठी एकेक गाव मागे टाकावे लागत होते. सुरुवातीची शाळा मराठीत आणि इंग्रजीची ओळख वरच्या वर्गात, अशी त्या काळाची सर्वसाधारण रीत होती.

१९२० साली ते विलायतेस गेले. एडिंबरो विद्यापीठात त्यांनी संस्कृत घेऊन एम.ए. केले, तेथे व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळविली, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली आणि बॅरिस्टरही झाले. डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा. म्हणजे लिहिले इंग्रजीत, पण लिहिण्याचा ऐवज इथला. साहेबाच्या भाषेत साहेबाचीच गोष्ट सांगायला ते बसले नाहीत. आपल्या परंपरेतला विषय त्यांनी साहेबाच्या भाषेत मांडला आणि तिथल्या पंडितांना तो मान्य करायला लावला.

विद्यार्थ्यांनी यातून घेण्यासारखी गोष्ट आहे ती हीच. परक्या भाषेत बोलताना सांगायला स्वतःचे काही असले की भाषा लवकर वळते. उसाची लागण कशी करावी, बेण्याचा डोळा कोणता निवडावा, खोडव्याला खत केव्हा द्यावे, हे आपल्या पोराला पाठ असते. त्याने इंग्रजीचा सराव याच गोष्टी सांगून करावा. 'माझा आवडता पाळीव प्राणी' हा निबंध घोकण्यापेक्षा ते बरे. माहिती पक्की असली म्हणजे फक्त शब्दच शोधावे लागतात. माहिती आणि शब्द दोन्ही शोधायची वेळ आली तर माणूस गांगरतो.

१९२६ मध्ये भाऊसाहेब परत आले. नुसती वकिली करून बंगला बांधता आला असता. त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. खेड्यातल्या पोराला शिकायला गाव सोडावे लागते आणि शहरात डोके टेकायला जागा नसते, ही अडचण त्यांना पुस्तकात वाचावी लागली नव्हती. पुढे ते घटना समितीचे सभासद झाले आणि १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी ते गेले.

वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या वावरात

चांदूरहून त्याच लाईनीने नागपूरकडे निघाले की धामणगाव, पुलगाव आणि मग वर्धा लागते. या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे (१८८४-१९६७) आपल्या सभासदांपैकी फार थोड्यांना माहीत असतील. स्वातंत्र्याच्या ध्यासाने ते तरुणपणीच देश सोडून जपानमार्गे अमेरिकेत गेले. तेथे अंगमेहनतीची कामे करीत शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत पडले. त्यामुळे इंग्रज सरकार मागे लागले आणि मायदेशी परतण्याचे दोर कापले गेले. इराणच्या बाजूला भटकंती झाली. अखेर १९२० नंतरच्या दशकात ते मेक्सिकोत पोचले. तिथली भाषा स्पॅनिश. म्हणजे अमेरिकेत कमावलेली इंग्रजीही तेथे अपुरी. पुन्हा मुळाक्षरापासून सुरुवात.

पण चापिंगो येथील शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर काम केले आणि आपले संशोधन स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केले. मेक्सिकोतल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढण्यात ते पुढे होते. दिएगो रिव्हेरा या तेथील जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी आले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचा अंत झाला.

खानखोज्यांचे उदाहरण मुद्दाम देण्याचे कारण असे की, भाषा वर्गातच शिकता येते असे अनेकांना वाटते. ज्याला मेक्सिकोच्या शेतकऱ्याशी मक्याबद्दल बोलायचे आहे, तो कणसाला काय म्हणतात, दाण्याला काय म्हणतात, पाऊस लांबला तर काय म्हणतात, हे वावराच्या बांधावर उभा राहूनच शिकतो. हात कामात असले की तोंडाची लाज कमी होते. आपल्याकडे आलेला परप्रांतीय फिटर सहा महिन्यांत मराठी बोलू लागतो, ते काही व्याकरण वाचून नव्हे.

घेणे आणि देणे

आता दोन स्त्रियांची गोष्ट. कारण परक्या भाषेची वेस आपल्या बायाबापड्यांना दुहेरी होती. एक भाषेची आणि दुसरी घराच्या उंबऱ्याची.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा, कल्याणचा. यजमान गोपाळराव यांनी त्यांना शिकविले. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि जाण्यापूर्वी काही वर्षे त्या इंग्रजीत पत्रे लिहीत राहिल्या. ज्या बाईला कधी पाहिले नाही, तिला आपल्या घरची, सणवारांची, मनातली हकिकत परक्या भाषेत सांगायची, हीच त्यांची शिकवणी झाली. एप्रिल १८८३ मध्ये वयाच्या १८ व्या वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. दुर्दैवाने क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या.

पंडिता रमाबाईंचे तर आणखी निराळे. संस्कृत, मराठी आणि देशातल्या आणखी काही भाषा त्यांना येत होत्या, पण इंग्रजी जेमतेम. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहून इंग्रजी शिकू लागल्या. पण नुसत्या शिकल्या नाहीत. हिंदुस्थानात यावयाचे होते त्या जोगिणींना त्यांनी मराठी शिकविली, आणि पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असतानाच संस्कृत शिकविले. इंग्रजी घेतली आणि मराठी-संस्कृत दिली. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, तेथे गावोगाव इंग्रजीत व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. चार वर्षांपूर्वी ज्या भाषेत बोलताना अडखळत होत्या, तीत पुस्तक! या पुस्तकाने आणि व्याख्यानांनी जी मदत उभी राहिली, तिच्यातून १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले. मराठीही त्यांनी सोडली नाही. अमेरिकेच्या प्रवासाचे त्यांचे पुस्तक मराठीतच आहे.

सहकार म्हणजे तरी काय? एकाकडे जे आहे ते त्याने दुसऱ्याला द्यावे, आणि आपल्याला हवे ते घ्यावे. हातात काहीच नाही असे समजून जो परक्याच्या दारात उभा राहतो, तो याचक होतो. आपल्या भाषेचे आणि विद्येचे गाठोडे बरोबर घेऊन जो जातो, त्याला बरोबरीने बसता येते.

लागण चांगली तर खोडवा चांगला

आता एक महत्त्वाचा प्रश्न. आजकाल गावोगावी 'कॉन्व्हेंट' झाल्या आहेत. आपल्याकडे कोणत्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. तीन वर्षांच्या लेकराला टाय बांधून गाडीत बसविले की आपले कर्तव्य झाले, असे पुष्कळांना वाटते. काही महिन्यांत लेकरू पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणते आणि आजोबांचा ऊर भरून येतो. चौथी-पाचवीत मात्र त्याला गणिताचे शाब्दिक उदाहरण समजत नाही, मग शिकवणी लावावी लागते. काहून असे होते?

कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी बाहेरदेशांतून तेथे आलेल्या मुलांचा अभ्यास केला. १९८० च्या सुमारास त्यांनी जे निष्कर्ष मांडले ते आजही शिक्षणशास्त्रात आधारासाठी घेतले जातात. खेळण्या-बोलण्यापुरती इंग्रजी परक्या मुलाला साधारण २ वर्षांत येते. पण पुस्तकातला धडा समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिण्याइतकी, वर्गातल्या बाकी मुलांच्या बरोबरीची इंग्रजी यायला ५ ते ७ वर्षे लागतात. पहिली भाषा कानाला गोड लागते म्हणून आपण फसतो. खरी कसोटी दुसऱ्या भाषेची. कमिन्स यांचे दुसरे म्हणणे असे की, मातृभाषेत ज्याचे वाचन आणि विचार पक्के झाले, त्याला तेच कौशल्य दुसऱ्या भाषेत नेता येते.

ऊस लावणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. लागणीचे पीक जोमदार असेल, मुळी खोल गेली असेल, तर खोडवा फुटतो. लागणच विरळ झाली तर खोडव्याला कितीही खत टाका, उतारा मिळत नाही. मायबोली ही लागण. इंग्रजी हा खोडवा. याचा अर्थ इंग्रजी नको असा मुळीच नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. इंग्रजी हवीच. बी-बियाण्यांची माहिती, औषधाच्या डब्यावरची सूचना, बँकेचा कागद, परदेशातली पदवी, सगळीकडे ती लागते. प्रश्न एवढाच की, तिच्यासाठी बुड खणून काढायचे की बुडावर तिला वाढवायचे.

कुंपणाच्या आतल्या माणसाचे काम

येथवर शिकणाऱ्याने काय करावे ते पाहिले. पण परकी भाषा शिकणे हे एकट्या शिकणाऱ्याचे काम नाही. आतल्या माणसाने दार उघडावे लागते. कार्पेंटरबाईंनी पत्राला उत्तरच दिले नसते, तर आनंदीबाई काय करणार होत्या?

याबाबत अमेरिकेतला एक खटला प्रसिद्ध आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या शाळांत चिनी घरची अशी सुमारे १,८०० मुले होती, की ज्यांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यासाठी शाळेकडून वेगळी मदतही मिळत नव्हती. शाळेचे म्हणणे असे की, सर्वांना तोच वर्ग, तेच पुस्तक, तोच मास्तर, मग भेदभाव कोठे झाला? हा 'लाउ विरुद्ध निकोल्स' खटला तेथील सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७४ साली न्यायालयाने सांगितले की, ज्या मुलाला भाषाच समजत नाही, त्याच्यापुढे सर्वांसारखे पुस्तक ठेवले म्हणजे समानता झाली असे होत नाही. त्याला भाषा समजावी यासाठी शाळेने काही केले पाहिजे.

हा न्याय ऐकताना आपल्याला बरा वाटतो, कारण आपली लेकरे तिकडे परकी असतात. पण आपल्या वावरात काय चालते तेही पाहू.

आपल्याच जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे तालुके आहेत. तेथील कोरकू बांधवांची भाषा मराठीची बहीण नाही, चुलत बहीणही नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. मराठीतल्या तो-ती-ते या तीन लिंगांची त्या लेकराला घरून ओळख नसते. जे हाल आपल्या पोराचे 'अ' आणि 'द' पायी होतात, तेच त्याचे आपल्या 'तो खांब, ती भिंत, ते घर' यापायी होतात. सुगीला ही माणसे कामासाठी खाली सपाटीवर उतरतात. बंजारा समाजाच्या घरात गोरमाटी बोलतात. ऊसतोडीच्या टोळ्या मराठवाड्यातून येतात, तशा मध्य प्रदेशातून भिली-बारेली बोलणाऱ्याही येतात. उलट बीडकडच्या कित्येक टोळ्या तोडणीला कर्नाटकात जातात, तेव्हा त्यांच्या मराठी लेकरांपुढे कानडी पाटी येते.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. शाळेचे वर्षही नेमके त्याच काळात भरात असते. माय-बाप पहाटेच कोयता घेऊन फडात जातात आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी कोपीवर लहान भावाला सांभाळीत बसते. कोणी तिला जवळच्या शाळेत नेऊन बसविले, तरी मास्तरांनी विचारलेले समजत नाही म्हणून ती खाली मान घालते. आणि आपण म्हणतो, "या लोकांच्या पोरांना शिक्षणाची आवडच नाही." एडिंबरोच्या वर्गात कोणी आपल्या पोराबद्दल असे बोलला तर आपल्याला किती झोंबेल!

कायदा काय सांगतो?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू होतो. त्यातल्या काही गोष्टी सभासदांनी लक्षात ठेवाव्यात.

एक, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणे ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद, नगरपरिषद इत्यादींची, जबाबदारी आहे.

दोन, गावच्या शाळेचा दाखला आला नाही, एवढ्या कारणावरून सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

तीन, शाळेत कधी न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष शिकवणी द्यायची, असा त्याचा हक्क आहे.

चार, शिकविण्याचे माध्यम शक्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असेही कायदा म्हणतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे.

कागदावर हे सगळे आहे. पण टोळीच्या मुकादमाला ते माहीत नसते आणि टोळीतल्या मायला तर नसतेच. सांगणारा माणूस पाहिजे. तो आपण होऊ शकतो.

सभासदांना विनंती

शेवटी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. यांना पैसा फार लागत नाही.

ज्यांची मुले शहरात किंवा परदेशात शिकतात, त्यांनी फोनवर नुसते 'कसं चाललं' विचारू नये. "वर्गात काय समजलं नाही?" असे विचारावे आणि ते सांगताना पोराला कमीपणा वाटू देऊ नये. एक पूर्ण वाक्य रोज मोठ्याने बोलावे, एक पान रोज लिहावे, न समजलेले त्याच दिवशी विचारावे, असे त्याला सांगावे. पहिल्या सहा महिन्यांत निकाल कमी लागला म्हणून परत बोलावू नये. ५ ते ७ वर्षांचा हिशेब ध्यानात ठेवावा.

ज्यांची लेकरे लहान आहेत, त्यांनी शाळा कोणत्याही माध्यमाची निवडली तरी घरात रोज अर्धा तास मराठी वाचून घ्यावे. आजीने वऱ्हाडीत गोष्ट सांगावी. 'मले-तुले' बोलले म्हणून लेकराला रागावू नये. ते त्याचे बुड आहे.

ज्यांच्या फडात टोळी उतरते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात कोपीवर किती लेकरे आहेत याची नोंद करावी आणि ती जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यावी. दाखला नाही ही अडचण मुकादम सांगेल, तेव्हा वरचा नियम त्याला सांगावा. शाळेत जाताना आपले लेकरू त्यांच्या सोबतीला द्यावे. चार दिवसांत लेकरेच एकमेकांचे दुभाषे होतात, हे मोठ्यांनाही जमत नाही. त्या लेकरांना पाणी, भाकर, आई, पाटी यांना त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते आपल्या पोरांनी विचारावे. रमाबाईंनी घेतले तसे दिलेही, ते याच रीतीने.

आणि टोळीतली एखादी पोरगी मराठी बोलताना चुकली, तर कोणी हसू नये. आपल्या पोराने इंग्रजीत पहिले वाक्य चुकत-माकत म्हटले, तेव्हा ऐकणारा कसा असावा असे आपल्याला वाटते, तसेच आपण तिच्यासाठी व्हावे. हंगाम संपून टोळी परत निघेल, त्या दिवशी तिच्या दप्तरात या शाळेत किती दिवस हजर होती याचा कागद असेल, एवढे पाहिले तरी पुढच्या गावी तिला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.